दर वेळी उतरत्या वयात आलेली आरएस

२०२५ च्या ऑक्टोबरात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात परत आली. देशभरासाठी मिळून १०० गाड्या, एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख, आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या बुक झालेल्या. मराठवाड्यातल्या गाडीवेड्यांना या बातमीचा आनंद झाला, पण एक गोष्ट लागली. गाडी जहाजातून आली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडल्या गेल्या, तिथं या गाडीला कुणाचा हात लागला नाही.

त्यासोबत जुना वादही वर आला. इंजिन तेच दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, त्याचं घराणं २००७ च्या आसपासचं. आता हे जुनं झालं, नवं इंजिन हवं, हायब्रिड हवी, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, हात लावू नका. या वादात उतरायचं तर आपल्याकडे या गाडीचं काय काय होत गेलं ते आधी माहीत हवं. त्यातलं बरंचसं युरोपातल्या इतिहासाशी जुळत नाही.

पहिली अडचण नावाची आहे. चिकलठाण्याच्या एका गॅरेजमध्ये मी मागच्या उन्हाळ्यात दोन तास बसून होतो. तेवढ्या वेळात मिस्त्रींना तीन फोन आले, आणि तिन्ही वेळा त्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "कोणती ऑक्टाव्हिया म्हणता, मालक? जुनी का मधली का नवी?" मधली म्हणजे खरं तर लॉरा. युरोपात २००४ साली ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी आली आणि पहिली मागे पडत गेली. आपल्याकडे पहिलीची मागणी एवढी होती की ती बंद करणं परवडत नव्हतं. म्हणून २००५ मध्ये दुसरी पिढी 'लॉरा' या वेगळ्या नावानं आणली आणि पुढची काही वर्षं दोन पिढ्या शेजारी शेजारी विकल्या. तिसरी पिढी २०१३ मध्ये आली तेव्हा लॉरा हे नाव गेलं आणि ऑक्टाव्हिया परत आली. त्यामुळे आपल्याकडे ऑक्टाव्हियानंतर लॉरा आणि लॉरानंतर पुन्हा ऑक्टाव्हिया असा उलटसुलट क्रम लागतो. पार्ट मागवताना आजही यात घोळ होतो, आणि वॉटर पंप चुकीचा आला की गाडी आठवडाभर लिफ्टवर अडकते.

'आरएस' या दोन अक्षरांचा गुंता याहून मोठा. मूळ अर्थ रॅली स्पोर्ट. युरोपातल्या पहिल्या आरएसला १८० अश्वशक्तीचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन होतं, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं. २००४ मध्ये आपल्याकडे जी आरएस आली तिची ताकद होती १५०. बाहेर तोवर तिची पुढची पिढी आलेली होती. म्हणजे एक तर ताकद कापलेली, वर पिढी मावळतीला लागलेली. तरीही ज्यांनी ती चालवली त्यांना ती विसरता आलेली नाही. त्या काळात या किमतीत टर्बो पेट्रोल कुणी देतच नव्हतं. आपल्या रस्त्यांवर साध्या ऑक्टाव्हियाचं १.९ डिझेल, ९० अश्वशक्तीचं, हीच चैन वाटायची. लातूरहून पुण्याला जाताना त्या डिझेलनं ओव्हरटेक करताना जी ओढ मिळायची, तिच्यावर मराठवाड्यातल्या किती ठेकेदारांनी आणि डॉक्टरांनी दहा-दहा वर्षं काढली.

दुसरी आरएस म्हणजे २०११ ची लॉरा आरएस. बाहेर दोन लिटर, २०० अश्वशक्ती. इथं १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), १६० अश्वशक्ती, सहा गिअरचा मॅन्युअल. म्हणजे साध्या लॉरात मिळणारंच इंजिन, वर आरएसचा बंपर, सीट आणि सस्पेन्शन. त्या काळी यावर मोठी नाराजी होती आणि ती मला आजही रास्त वाटते. अक्षरं तीच ठेवायची आणि आतला माल बदलायचा, यामुळे पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया बिघडला. "आरएसचं इंजिन जुनं झालं" असं कुणी म्हणतो तेव्हा तो १५० वाल्याबद्दल बोलतोय, १६० वाल्याबद्दल की नंतरच्या दोन लिटरबद्दल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तिन्हींची दुखणी वेगळी. पाच व्हॉल्व्हवाल्याचे व्हॅक्यूमचे रबरी पाइप वाळून तडकतात, इग्निशन कॉइल जातात, टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही तर इंजिनच जातं. त्या काळच्या १.८ टीएसआयला बेल्टऐवजी चेन आहे, पण पिस्टन रिंगमुळे ते ऑइल पितं. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक काढून पाहणं हा त्या मालकांचा नेमच असतो. गॅरेजमध्ये त्या दिवशी बॉनेट उघडून ठेवलेली होती ती अशीच एक लॉरा. मिस्त्रींनी डिपस्टिक कापडानं पुसली, परत घातली, बाहेर काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. मालक म्हणाले, मागच्याच महिन्यात टॉपअप केलं होतं.

खरी आरएस म्हणावी अशी गाडी आपल्याकडे २०१७ मध्ये आली. दोन लिटर टीएसआय, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटरची ओढ (टॉर्क), तेलात बुडालेल्या (ओल्या) क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शंभरचा वेग ६.८ सेकंदांत. जोडणी शेंद्र्यातच, आणि किंमत पंचवीस लाखांच्या आत. पहिल्यांदाच बाहेरच्या आणि आपल्या आरएसमध्ये लाज वाटावी असं अंतर नव्हतं. २०२० मध्ये तिची २४५ अश्वशक्तीची आवृत्ती आली, पण ती पूर्ण तयार आयात केलेली, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाखांना. बाहेर तोवर चौथी पिढी दाखवून झाली होती. २०१८ च्या नियमानं एका उत्पादकाला वर्षाला २५०० गाड्या इथल्या मान्यता चाचण्यांशिवाय आणायची मुभा दिली, त्याच खिडकीतून ती आली. आणि आता २०२५, २६५ अश्वशक्ती, जवळपास पन्नास लाख.

हे आकडे एकापुढे एक ठेवले की चित्र स्पष्ट होतं. २०१७ ची आरएस ६.८ सेकंद, २०२५ ची ६.४. आठ वर्षांत चार दशांश सेकंद. किंमत दुप्पट. इंजिन म्हातारं झालं असतं तर मी आधी तसं म्हटलं असतं. पण त्या आठ वर्षांत इंजिनानं त्याचं काम केलं. महाग झाला तो गाडीचा प्रवास.

गिअरबॉक्सचं मात्र तसं नाही. इथं बदलाची गरज खरीच होती आणि तो उशिरा झाला. तिसऱ्या पिढीच्या १.८ टीएसआयला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी दिला होता. या गिअरबॉक्सची झेपच २५० न्यूटन मीटरची, म्हणून १८० अश्वशक्तीचं ते चांगलं इंजिनही तेवढ्यावरच बांधलं गेलं. मे महिन्यात पारा ४२ वर, जालना रोडला क्रांती चौकापासून रांग लागलेली, गाडी इंचाइंचानं सरकतेय, अशा वेळी कोरडा क्लच तापतो, थरथरतो आणि शेवटी गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट निकामी होतं. बाहेरही हे घडलंच. २०१३ मध्ये या गिअरबॉक्सचं सिंथेटिक ऑइल बदलून मिनरल ऑइल भरण्यासाठी जगभरातून १६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०२१ च्या चौथ्या पिढीच्या ऑक्टाव्हियात दोन लिटर इंजिनाला ओल्या क्लचचा डीएसजी मिळाला आणि हा त्रास संपला. ती गाडी १९० अश्वशक्तीची, २५.९९ लाखांपासून सुरू होणारी. माझ्या मते साधी ऑक्टाव्हिया इतकी पूर्ण कधीच नव्हती. आणि तीच जेमतेम दोन वर्षं टिकली.

डिझेलचा शेवट त्याआधीच झाला होता. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा नवा नियम लागू झाला, बीएस-५ ओलांडून थेट उडी. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. २०१५ च्या डिझेल घोटाळ्याची सावली स्कोडाच्या मालक फोक्सवॅगन समूहावर होतीच, आपल्याकडेही ३,२३,७०० गाड्या परत बोलवायची वेळ आली होती. डिझेल पुढे न नेण्याचा निर्णय झाला. कारखान्याच्या हिशेबात तो चूक म्हणता येणार नाही, पण मराठवाड्यात त्याची झळ जास्त बसली. नांदेड, परभणी, बीड इथल्या माणसाची रोजची अंतरं मोठी आहेत. ऑक्टाव्हिया आरएसचं डिझेल रूप युरोपात वर्षानुवर्षं विकलं गेलं, ते इथं कधीच आलं नाही. इंजिन बदलायचंच होतं तर इथल्या माणसाच्या उपयोगाचा बदल तो होता.

मग १ एप्रिल २०२३. बीएस-६ चा दुसरा टप्पा, रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून धूर मोजायचा नियम. ऑक्टाव्हिया आणि तिची मोठी बहीण सुपर्ब, दोन्ही सेडान बंद झाल्या. "इंजिन नव्या नियमात बसलं नाही" असं तेव्हा सर्रास बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. ते बरोबर नाही. तेच १९८४ सीसीचं, १९० अश्वशक्तीचं, ३२० न्यूटन मीटरचं इंजिन स्कोडाच्याच कोडियाक या उंच गाडीत (एसयूव्हीत) नव्या नियमात बसवून विकलं गेलं. सेडानचा खप एवढा खाली आला होता की तिच्यासाठी पुन्हा प्रमाणन आणि जोडणीचा खर्च करावा असं कुणाला वाटलं नाही. लोक उंच गाड्यांकडे वळले होते. गावच्या गतिरोधकांवर बुड घासून घेतलेल्यांना त्यासाठी दोष देता येत नाही. सुपर्बचं पुढे जे झालं ते तर अधिकच बोलकं आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या १०० गाड्या आयात करून ५४ लाखांना विकल्या, आणि ती होती मागची पिढी. नवी पिढी बाहेर नोव्हेंबर २०२३ मध्येच दाखवली होती. कारखाना घराजवळ, आणि गाडी मात्र परदेशातून, तीही जुनी.

मागणी नव्हती, हे मला मान्य नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरातल्या खरेदीदारांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. पैसा आणि हौस इथं आहे. गेल्या काही वर्षांत रस्ताही आला. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी उघडला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. जालन्यावरून, छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडून जाणारा, कमाल १२० चा. आरएसला हवा होता तो रस्ता ती इथं बनायची थांबली तेव्हा तयार झाला.

त्याच रस्त्यामुळे तंत्रज्ञानाबद्दलचं माझं मतही बदललं. तेरा इंचाचा स्क्रीन मला नको. एसीचं बटण बोटांना न बघता सापडलं पाहिजे. पण समोरून गाडी आली की तेवढाच झोत वगळून बाकी रस्ता उजळ ठेवणारे मॅट्रिक्स दिवे, हे इथं चैनीचं नाही. डिसेंबर-जानेवारीत माजलगाव किंवा गेवराईच्या बाजूला रात्री गाडी चालवून पाहा. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, आणि ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस. २००४ च्या हॅलोजनमध्ये तो दिसतो तेव्हा ब्रेकला पन्नास मीटर उरलेले असतात. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणाही तशीच गरजेची. मे महिन्यातल्या काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगात टायर काय तापतात, ते हात लावल्यावर कळतं.

आणि तोच ऊस आता टाकीत येतो. उसापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं लक्ष्य २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं आणि ते गाठलंही. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांसाठी हा मोठा आधार आहे. शेतकऱ्याच्या घरातच आरएस उभी असेल तर त्याला दोन्ही बाजू दिसतात. सरकारी आराखड्यातच म्हटलंय की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. जुन्या १.८ च्या रबरी सील आणि पाइपांची काळजी त्यात धरा. दुसरीकडे, या मिश्रणामुळे पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेलाय, आणि टर्बो इंजिनाला नॉकिंगपासून (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांपासून) वाचायला तेच लागतं. २०२१ च्या दोन लिटरचं ट्यूनिंग या इंधनासाठी नव्यानं करून दिलं असतं तर तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी 'अपडेट' ठरला असता.

शेंद्र्यात आज नवी कोडियाक जोडली जाते, एप्रिल २०२५ पासून विक्रीत असलेली. तिच्या बॉनेटखाली तेच दोन लिटर टीएसआय घराणं आहे, आता २०४ अश्वशक्तीचं, ओल्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीसह. इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, ते बसवणारे हातही तिथंच आहेत.