वैद्यकीय उपकरणांतील इलेक्ट्रॉनिक घटक

रुग्णाच्या अंगाला लावायच्या किंवा शरीरात बसवायच्या यंत्रांसाठी बोर्ड, सेन्सर, ट्रान्सफॉर्मर, केबल, कनेक्टर असे भाग आखणे आणि घडवणे. ईसीजी, पल्स ऑक्सिमीटर, व्हेंटिलेटर, पेसमेकर ही यातली ओळखीची यंत्रे.

आखणीत सर्वांत आधी विचार होतो तो गळती प्रवाहाचा, म्हणजे यंत्रातून नको त्या वाटेने रुग्णाच्या अंगात झिरपणाऱ्या विजेचा. हृदयाची विद्युत लहर छातीवर जेमतेम १ मिलिव्होल्ट भरते आणि ती टिपणारे यंत्र चालते २३० व्होल्टवर. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार थेट हृदयाशी जोडायच्या भागातून रुग्णाकडे एरवी १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाता कामा नये. यंत्रात एखादा दोष उद्भवला तरी ५० च्या वर नाही. म्हणून मेन्सची बाजू आणि रुग्णाची बाजू यांच्यात संरक्षण दुहेरी ठेवतात, आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर किमान ८ मिलिमीटर लागते. असा बोर्ड उजेडात धरला की ऑप्टोकप्लरच्या (दोन बाजूंत तारेऐवजी प्रकाशाने संकेत पोचवणाऱ्या भागाच्या) पोटाखाली आरपार कापलेली चीर बऱ्याचदा दिसते. तेवढ्याशा जागेत वाट लांबवायची आणि धूळ-ओलीचा थर सलग होऊ द्यायचा नाही, यासाठी ती असते.

असे बोर्ड बेळगाव भागात बनवायचे तर ओल हा खास जपण्याचा विषय. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे, एकूणच खानापूर तालुक्यात, पावसाळाभर भिंतीसुद्धा ओलसर राहतात. बेळगाव शहरातही जुलैत कपडे वाळत नाहीत. चिपचे प्लॅस्टिक हवेतली ओल शोषते. सोल्डर वितळवून चिप बोर्डावर जोडणाऱ्या रिफ्लो भट्टीत साधारण २४५ अंश सेल्सिअसला तिची वाफ होऊन चिप आतून तडकते. काही वेळा हा तडा वरून दिसत नाही, चाचणीतही सुटतो आणि यंत्र वॉर्डात असताना उघडा पडतो. एमएसएल-३ दर्जाच्या (एमएसएल म्हणजे चिप ओलीला किती नाजूक आहे ते सांगणारी पातळी) चिपची पिशवी फोडल्यावर ती १६८ तासांत सोल्डर व्हावी लागते, पण हा हिशेब ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतचा. बेळगावच्या पावसाळी हवेत तो लागू पडत नाही. कोरडे कपाट किंवा डीह्युमिडिफायर लावलेली खोली हवीच. पिशवीतल्या ओल दाखवणाऱ्या कार्डावरचा निळा ठिपका गुलाबी झाला असेल, तर त्यातले चिपचे रीळ भाजून कोरडे करून मगच मशीनवर चढवावे. सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेले फ्लक्स हे रसायन बोर्डावर राहिले तर तेही ओलीत गळतीला वाट देतो, त्यामुळे धुलाई आणि वरून संरक्षक लेप या पायऱ्या टाळू नयेत.

निर्मितीची शिस्त आयएसओ १३४८५ मध्ये, तर धोक्यांचा अंदाज घेण्याची पद्धत आयएसओ १४९७१ मध्ये दिली आहे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू असून धोक्यानुसार उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग पाडले आहेत.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री व मशीनशॉपमुळे, आणि हत्तरगीच्या विमान-भागांच्या कारखान्यांमुळे, मायक्रॉनमध्ये मोजण्याची सवय या भागातल्या कामगारांच्या हातात आहे. सोबतीला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयही. त्यामुळे यंत्र आखणारा आणि ते रोज वापरणारी परिचारिका एका गावात भेटू शकतात, हे फार मोलाचे आहे. मात्र कामाच्या सूचना फक्त इंग्रजीत टांगून भागणार नाही. सोल्डरिंगच्या टेबलावर बसलेल्या मुलीला त्या गुलाबी ठिपक्याचा अर्थ मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेला समोर दिसला पाहिजे, आणि तो दिसताच लाइन थांबवण्याचा अधिकार तिला हवा.