पेटीतला आहेर, पिशवीतली भेट

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली की चोपड्याकडच्या माझ्या माहेरी आईची पत्र्याची पेटी उघडते. वर्षभरात आलेल्या साड्या, ब्लाउज पीस, टावेल-टोप्या तिच्यात रचून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली: कोणाकडून आली, कोणत्या कार्यात आली. पेटीच्या तळाला एक कापडी पिशवी असते, तिच्यातल्या कशालाच चिठ्ठी नसते. लहानपणी मला वाटायचं, आई लावायची विसरली. लग्न होऊन धुळ्याला आले, दोन-तीन सणांना मन दुखावून घेतलं, तेव्हा उमगलं की पेटीत असतो आहेर आणि पिशवीत असते भेट. दोन्हीकडे साडीच असेल, दुकानही एकच असेल, किंमतही तीच असेल. तरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सणासुदीला घराघरांत जे रुसवेफुगवे होतात, त्यांतले बरेचसे यांची सरमिसळ झाल्याने होतात, असं माझं ठाम मत आहे.

आहेर नात्याच्या पायरीला असतो. जावई, व्याही, मामा, नणंद, भाचा या प्रत्येक पायरीचा मान ठरलेला. त्या जागी बसलेला माणूस कसा आहे, त्याला काय आवडतं, याची तिथे चौकशी होत नाही. पाटावर बसवून, कुंकू लावून, चारचौघांदेखत तो द्यायचा. भेट माणसाला असते. ती द्यायला कार्य लागत नाही, पाहणारे लागत नाहीत. आपल्याकडच्या सासुरवाशिणीला आखाजीला माहेरी बोलावतात, भाऊ मुऱ्हाळी म्हणून घ्यायला जातो, निंबाला झोका बांधलेला असतो, सांजोऱ्या तळून डब्यात भरलेल्या असतात. परत निघताना तिची जी साडी-चोळीने बोळवण होते, तो आहेर. तिला उंच झोका लागतो हे लक्षात ठेवून भावाने आदल्या दिवशी उन्हात फांदीवर चढून दोर वरच्या खोडाला बांधला असेल, तर ती भेट.

माझी चूक सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी मला साडी दिली. जांभळी होती, बारीक जरीच्या काठाची. जांभळा रंग मला आवडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. थोरल्या जाऊबाईंना त्याच गठ्ठ्यातली हिरवी. मी ती नेसून मिरवले, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडले, की यांनी माझा जरासुद्धा विचार केला नाही. पुढे चार वर्षांनी घरात लग्न निघालं, देण्याघेण्याची वही माझ्याकडे आली आणि मागची पानं चाळताना ती दिवाळी सापडली. थोरली सून, साडी, ८५०. धाकटी सून, साडी, ८५०. खाली स्वतःच्या लेकीचं नाव, साडी, ८५०. लेकीला आणि सुनांना एकच आकडा. मी त्या पानाकडे किती वेळ बघत बसले होते, सांगता यायचं नाही. आहेरात बरोबरी हाच जिव्हाळा असतो, तिथे कोणाला एक काठ जास्त दिला की दुसरीचा अपमान होतो. मी मात्र त्या साडीत भेट शोधत बसले होते.

आणि त्यांची भेट मला मिळालेली होती, तीही मी ओळखली नव्हती. दुसऱ्या वर्षी आखाजीच्या आधी एका दुपारी त्यांनी पुरणपोळी भाजायचं स्वतःचं मातीचं खापर माझ्यापुढे ठेवलं. खापरावरची पुरणपोळी ज्याने केली आहे त्याला कळेल. नवं खापर तापवून, तेल लावून, जपून वापरात आणावं लागतं, एक गार थेंब पडला तरी तडकतं. यांचं वीस वर्षं वापरून काळंभोर, गुळगुळीत झालेलं. “आता तुना हात बसना,” म्हणजे आता तुझा हात बसला, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. वहीत त्याची नोंद नाही. त्याची नोंद होतच नाही.

परतफेडीचा नियमही दोन्हींचा उलटा आहे. आहेर फेडायचा असतो, पण लगेच नाही. समोरच्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा, वही काढून, जेवढा आला तेवढा किंवा थोडा चढा. माझ्या वडिलांच्या पिढीत कापसाला भाव नसायचा त्या वर्षीसुद्धा लेकींची लग्नं झाली, ती या वह्यांच्या जोरावर. भावकीतल्या पन्नास घरांनी भांडी, धान्य, रोख असं थोडं थोडं दिलं की मांडव उभा राहायचा, आणि मग वर्षानुवर्षं ते एकेकाच्या दारी परत पोचायचं. म्हणून आहेराला निव्वळ दिखावा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. भेटीला मात्र परतफेड सोसत नाही. मैत्रिणीने हौसेने आणलेल्या वस्तूवर तिसऱ्या दिवशी तितक्याच किमतीची वस्तू नेऊन दिली, तर तिचं तोंड उतरतं.

आलेली साडी पुढे देण्याचंही तसंच. आहेराची साडी घडी न मोडता दुसऱ्या कार्यात गेली तर त्यात गैर काही नाही, ती फिरण्यासाठीच असते. चिठ्ठी तेवढी काढायला विसरू नये आणि ज्यांच्याकडून आली त्यांच्याच घरी परत जाऊ देऊ नये. भेट मिळालेली साडी मात्र एकदा तरी घडी मोडून, दिलेल्या माणसाला दिसेल अशी नेसावी. मी नणंदेसाठी जळगावला तीन दुकानं फिरून घेतलेली साडी तिने तिच्या जावेच्या डोहाळेजेवणात दिली, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. पण ती मी दिली कशी होती? सगळ्यांदेखत, कुंकू लावून, ओटीत. तिने आहेर समजून घेतली. तिचं काय चुकलं?

कायद्यालाही हा फरक जाणवलेला दिसतो. हुंडाबंदी कायदा १९६१चा. त्याखालच्या १९८५च्या नियमांनुसार लग्नात वधू-वरांना मिळालेल्या वस्तूंची लेखी यादी ठेवायची असते, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून. म्हणजे आईची चिठ्ठीच. ही यादी प्रत्येक नव्या सुनेने नीट करावी, कारण तिला मिळालेलं ते तिचं स्त्रीधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात तेच सांगितलं आहे. आयकराच्या नियमात आणखी एक गंमतीची गोष्ट आहे. आईवडील, भाऊ-बहीण, मामा-मावशी यांनी दिलेल्यावर कर नाही. बाकीच्यांकडून वर्षभरात मिळून ५०,०००च्या वर रक्कम आली तर ती सगळीच उत्पन्नात धरतात, स्वतःच्या लग्नातली सोडून. चुलत आणि मावस भावंडं तिथे नातेवाइकांत येत नाहीत, आपल्या भावकीला हे पटणं कठीण आहे.

ओवाळणी या दोन्हींच्या मधली. ताटात टाकायची म्हणून ती आहेरासारखी, पण किती टाकायची ते कोणी वहीत लिहीत नाही. अधिक मासात जावयाला ३३ अनारसे देतात ते वाण, तो धर्माचा भाग. त्याला आहेरही म्हणू नये आणि भेटही.

आता मी दोन्ही वेगवेगळं देते. आखाजीला मी माहेरी जाते आणि त्याच दिवशी नणंद तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी येते, त्यामुळे वर्षानुवर्षं आमची चुकामूक व्हायची. गेल्या वर्षी मी दोन दिवस आधी परतले. साडी-चोळी सासूबाईंच्या हातून, सगळ्या बायकांसमोर, नणंदेच्या मानाइतकीच. मग तिला एसटी स्टँडवर सोडायला मी एकटी गेले. तिला बिबड्या, म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड, फार आवडतात, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गच्ची नाही, ज्वारी भिजवून घाटा करायला वेळ नाही. तीळ जास्त आणि तिखट कमी, अशा तिच्या एकटीसाठी घातलेल्या बिबड्यांचा डबा गाडी लागल्यावर तिच्या हातात दिला. तिने तिथेच झाकण काढलं, एक कच्चीच मोडून तोंडात टाकली आणि खिडकीतून विचारलं, “वहिनी, लसूण टाकना नही का तू?”

लसूण तिच्या पोटाला सोसत नाही.