चिआंग खोंगहून लाओसला जायचंय? कागदपत्रं, व्हिसा आणि तो पूल

थायलंडच्या उत्तरेला चिआंग राय प्रांतात चिआंग खोंग नावाचा तालुका आहे, मेकाँगच्या अगदी काठावर. समोर लाओसचं हुआय साय, इतकं जवळ की पलीकडच्या रस्त्यावरच्या मोटारसायकली दिसतात. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की धक्क्यावर जाऊ, होडीत बसू, पाच मिनिटांत लाओस. पूर्वी तसंच होतं. डिसेंबर 2013 मध्ये चौथा थाय-लाओ मैत्री पूल सुरू झाला आणि तेव्हापासून गावातल्या धक्क्यावरची होडी फक्त थाय आणि लाओ लोकांसाठी, आपल्याला पुलावरूनच जावं लागतं. पूल गावापासून साधारण 10 किलोमीटर, टुकटुकवाल्याशी भाडं बसायच्या आधीच ठरवा.

आता कागदपत्रांचं बघू. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड पाहिजे आणि त्यात कोरी पानं पाहिजेत, कारण लाओसचा व्हिसा अख्खं पान खातो. थायलंडमध्ये भारतीयांना 15 जुलै 2024 पासून 60 दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं, पण हे दिवस कमी करायची चर्चा सारखी चालू असते, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच थाय एम्बसीची साइट उघडून बघा, माझ्या किंवा कुणाच्याही जुन्या माहितीवर जाऊ नका. मे 2025 पासून टीडीएसी म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्डपण भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन आणि फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा, खरी साइट गो डॉट टीएचने संपते.

पुलाच्या अलीकडे थाय एक्झिटचा शिक्का घ्यायचा. जास्त दिवस राहिला असाल तर दिवसाला 500 बाहत दंड इथेच भरायचा. पूल चालत ओलांडता येत नाही, शटल बसचं तिकीट काढून पलीकडे जायचं. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून आणि लाओसमध्ये उजवीकडून, त्यामुळे उतरल्यावर रस्ता ओलांडताना हमखास उलट्या बाजूला बघितलं जातं 😄

लाओसचा व्हिसा ऑन अरायव्हल पलीकडच्या काउंटरवर मिळतो, 30 दिवसांचा. फॉर्म, एक पासपोर्ट साइज फोटो, राहण्याचा पत्ता आणि फी. फी देशाप्रमाणे वेगळी असते आणि डॉलर कॅशमध्ये न्या, बाहतमध्ये दिली तर महाग पडते. इथे आमची गंमत झाली, एका नोटेवर कुणीतरी निळ्या पेनाने बारीकसा आकडा लिहिलेला होता, घेताना आम्ही बघितलाच नाही, ती नोट काचेखालून तशीच परत आली. नशीब बायकोच्या पर्समध्ये दुसरी होती. तेव्हा नोटा कोऱ्या, न फाटलेल्या आणि सुट्ट्या घ्या, पाकिटात चार घड्या घालून ठेवू नका. ई-व्हिसा काढणार असाल तर तो ह्या पुलावर चालतो का ते अर्ज करायच्या आधी यादीत बघा, सगळ्या चेकपोस्टवर चालत नाही.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. हा व्हिसा फिरायला आहे, नोकरीला नाही. हुआय साय ज्या बोकेओ प्रांतात आहे तिथेच गोल्डन ट्रँगल नावाचा स्पेशल इकॉनॉमिक झोन आहे आणि ऑगस्ट 2024 मध्ये भारतीय दूतावासाने तिथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून 47 भारतीयांना सोडवलं होतं. पोरांना डिजिटल मार्केटिंग, कस्टमर सपोर्ट असं सांगून थायलंडला बोलावतात आणि तिथून नदीपलीकडे नेतात. एजंट म्हणाला की आधी टुरिस्ट म्हणून ये, वर्क परमिट नंतर करू, तर तिथूनच परत फिरा.

लाओसमधल्याच लुआंग प्रबांग शहराला नदीतून जाणारी स्लो बोट पकडायची असेल तर ती सकाळी अकराच्या सुमारास सुटते, दोन दिवस लागतात आणि मधली रात्र पाकबेंगला. म्हणजे पुलावर सकाळी लवकरच पोचा, आठच्या आसपास, व्हिसाच्या लायनीत एखादी टुरिस्टांनी भरलेली व्हॅन पुढे असली की तास कुठे जातो कळत नाही.

ह्याच पुलाने परत येणार असाल तर टीडीएसी नव्याने भरायचं, पहिलं चालत नाही. शिवाय व्हिसाशिवाय जमिनीच्या बॉर्डरने थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात दोनदाच येता येतं, त्यामुळे आधी कंबोडियाकडून वगैरे एकदा येऊन झालं असेल तर तो शिक्का मोजून घ्या.