सात खंड: हा आकडा आला कुठून

आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, युरोप, ऑस्ट्रेलिया. ही यादी मुलांना पाठ हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण पृथ्वीवर मुळातच सात तुकडे आहेत आणि कुणीतरी ते फक्त मोजले, असं मुलांना वाटू लागतं, ते बरोबर नाही. मेक्सिको किंवा अर्जेंटिनातल्या मुलासाठी अमेरिका हा एकच खंड असतो. रशियातल्या भूगोलाच्या तासाला युरेशिया एकच धरतात. ऑलिम्पिकची वर्तुळं १९१३ साली आखली गेली ती पाचच: अमेरिका एक मोजली आणि माणसांची वस्ती नसलेला अंटार्क्टिका वगळला. सात हा आकडा मोजून आलेला नाही, तो ठरत ठरत आलेला आहे.

आपल्याकडे त्यात शब्दाचाही गुंता आहे. हिंदी पुस्तकांत ‘महाद्वीप’ असतं, मराठीत ‘खंड’. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे’ म्हणतात, तिथे खंड हा द्वीपाचा एक भाग असतो. घरातली मोठी माणसं मग कौतुकाने सांगतात की पुराणातली सप्तद्वीपं म्हणजेच आजची सात खंडं. तसं नाही. त्या वर्णनात मधोमध जंबुद्वीप आणि त्याभोवती एकात एक कडी घातल्यासारखी बाकीची द्वीपं आहेत. मध्ये समुद्र आहेत ते खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे आणि शेवटी गोड्या पाण्याचे. ही कल्पना सुंदर आहे, मुलांना जरूर सांगावी, पण नकाशाशी जोडू नये. दोन्हीकडे सात आलं, एवढंच साम्य.

युरोप, आशिया आणि आफ्रिका ही वाटणी ग्रीकांची. तेव्हाही एका ग्रीक इतिहासकाराला प्रश्न पडला होता की पृथ्वी एक असताना तिला तीन नावं, आणि तीही बायकांची, का दिली. अमेरिका हे नाव १५०७ च्या एका नकाशावर प्रथम छापलं गेलं. इथपर्यंत फारसा वाद नाही. खरा पेच आहे युरोप आणि आशिया यांच्यामधल्या रेषेचा.

मुलाच्या हातात पृथ्वीगोल द्या आणि लिस्बनपासून व्लादिवोस्तोकपर्यंत बोट फिरवायला सांगा. बोट कुठेही समुद्रात पडत नाही. मग खंड दोन कसे? जुन्या काळी डॉन नदी ही सीमा मानत. पण डॉन उत्तरेकडच्या समुद्रापर्यंत जात नाही, त्यामुळे नकाशाच्या वरच्या भागात रेषा कुठून ओढायची हे कुणालाच नीट सांगता येत नसे. १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या कैदेत सापडलेला एक स्वीडिश लष्करी अधिकारी कित्येक वर्षं सायबेरियात राहिला. सुटून आल्यावर १७३० मध्ये त्याने पुस्तक छापलं आणि त्यात सीमा उरल पर्वतावर नेऊन ठेवली. ही कल्पना मूळ आपलीच, असं एका रशियन विद्वानाचं म्हणणं होतं. कल्पना कुणाचीही असो, ती रशियाच्या सोयीची होती. १७२१ मध्ये रशियाने स्वतःला साम्राज्य म्हणवून घेतलं होतं, आणि युरोपातल्या सत्तांच्या पंगतीत त्याला पाट हवा होता. उरलच्या अलीकडे युरोपीय मायभूमी आणि पलीकडे आशियाई मुलूख, असा नकाशा दरबाराला पटणाराच होता.

हा उरल किती उंच? त्याचं सर्वोच्च शिखर १,८९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जेमतेम अडीचशे मीटरचा फरक. एवढ्या डोंगराने युरोपला ‘खंड’ केलं. आणि ८,८४९ मीटरच्या एव्हरेस्टसह हिमालयाची भिंत ज्याच्या डोक्यावर उभी आहे तो भारत मात्र ‘उपखंड’. युरोपला स्वतःचा वेगळा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा, नाही; तो युरेशियाच्याच भूपट्टावर आहे. भारताला स्वतःचा भूपट्ट आहे. हे मुलांना सांगितलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. अभिमानासाठी नव्हे, भूगोलातल्या रेषा माणसांनी ओढल्या आहेत हे लहानपणीच कळावं म्हणून.

उरलच्या दक्षिणेला तर आजही एकमत नाही. रेषा कॉकेशसच्या मुख्य रांगेवरून नेली तर ५,६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपात पडतो आणि युरोपातलं सर्वांत उंच शिखर ठरतो. ती उत्तरेकडच्या मानिच खोलगट भागातून नेली तर एल्ब्रुस आशियात जातो आणि मान सुमारे ४,८०० मीटरच्या माँ ब्लाँला मिळतो. प्रश्नमंजूषेत या प्रश्नावर गुण गेलेल्या मुलाचं उत्तर चुकलेलंच असेल असं नाही.

‘खंड’चा मूळ अर्थ तुकडा, आणि खरोखर तुटून निघालेल्या तुकड्यांच्या गोष्टीत आपल्या विदर्भाचाही वाटा आहे. मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना १८७२ मध्ये गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवन हे नाव मिळालं. पुढे भारत आणि दक्षिणेकडची खंडं ज्यात एकत्र होती त्या दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाभूमीलाच जगभर गोंडवन म्हणू लागले. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना एका ब्रिटिश तुकडीतली पाचही माणसं मरण पावली. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. शेवटपर्यंत त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत याच झाडाचे ठसे निघाले, म्हणजे विदर्भ आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूमीचे भाग होते. खंडं सरकतात हा विचारही एका जर्मन हवामानतज्ज्ञाने त्याच वर्षी मांडला, पण तो सर्वमान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं.

यादीत सर्वांत उशिरा आलेली दोन नावं ताजी आहेत. ऑस्ट्रेलिया हे नाव ब्रिटिश नौदलाने १८२४ मध्ये मान्य केलं; अंटार्क्टिका त्याच्या चार वर्षं आधी पहिल्यांदा दृष्टीस पडला. न्यूझीलंड कुठल्या खंडात, हे तर मुलं हमखास विचारतात. २०१७ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की ते झीलंडिया या वेगळ्या खंडाचं टोक आहे: सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर, त्यातला ९४ टक्के भाग पाण्याखाली. पाठ्यपुस्तकांत अजून सातच आहेत.

अंटार्क्टिकावर भारताचा पहिला तळ १९८३-८४ च्या मोहिमेत उभा राहिला, त्याचं नाव दक्षिण गंगोत्री. २०१२ मध्ये सुरू झालेला ‘भारती’ हा तळ लार्समन टेकड्यांवर आहे. गोंडवन अखंड होतं तेव्हा आपला पूर्व किनारा याच भागाला चिकटलेला होता.