ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन: डब्यात उरलेल्या दोन उलटीच्या गोळ्या

घरातल्या औषधांच्या डब्यात उलटीच्या गोळ्यांची एखादी अर्धी पट्टी बहुधा असतेच, आणि ती बऱ्याचदा ऑन्डान्सेट्रॉनची किंवा डॉमपेरिडोनची असते. दोन्ही औषधे उलटी थांबवतात, त्यामुळे मळमळू लागले की हाताला लागेल ती गोळी घेतली जाते. त्यांची काम करण्याची रीत मात्र वेगळी आहे.

ऑन्डान्सेट्रॉन प्रथम पुढे आले ते केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी. अमेरिकेत त्याला १९९१ साली मान्यता मिळाली. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की तेथून सेरोटोनिन हे रसायन सुटते आणि व्हेगस या चेतातंतूमार्फत मेंदूला उलटीचा संदेश जातो. हा संदेश ऑन्डान्सेट्रॉन अडवते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्याचा उपयोग होतो, आणि जुलाब-उलट्यांत मुलाच्या पोटात ओआरएस टिकावे यासाठी डॉक्टर त्याचा एखादा डोस देतात. घाटात गाडी लागते तेव्हा मात्र त्याचा फारसा लाभ नाही, कारण ती मळमळ कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जोडलेली असते. पोटातील अन्न पुढे सरकण्यास ते मदत करत नाही, उलट बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

डॉमपेरिडोन डोपामिन या रसायनाचा परिणाम रोखते आणि जठरातील अन्न पुढे ढकलण्यास मदत करते. जेवणानंतर पोट जड होऊन मळमळणे हे त्याचे क्षेत्र. म्हणूनच ते जेवणाआधी घ्यायला सांगतात.

दोघांत एक धोका सामाईक आहे, आणि तोच सर्वांत कमी ठाऊक असतो. दोन्ही औषधे हृदयाच्या विद्युत लयीतील क्यूटी हा अवधी लांबवू शकतात, आणि क्वचित त्यातून ठोके धोकादायकरीत्या बिघडतात. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पोटॅशियम घटलेले असेल, हृदयविकार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर हा धोका वाढतो. म्हणूनच एका गोळीने बरे वाटले नाही म्हणून वर दुसरी घेणे ही सर्वांत वाईट युक्ती होय. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये प्रौढांसाठी डॉमपेरिडोनची मर्यादा १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवड्याच्या आत, अशी ठरवली. आपल्याकडे ‘पित्ताची’ म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलच्या अनेक जोड-कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम डॉमपेरिडोन आधीच असते. म्हणजे त्या एका कॅप्सूलने दिवसाची मर्यादा गाठली जाते, आणि घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

मग उरलेली गोळी कधीच घेऊ नये काय? ती त्याच व्यक्तीसाठी, तशाच कारणासाठी लिहून दिलेली असेल, तेच कारण आताही स्पष्ट दिसत असेल, मुदत संपलेली नसेल आणि मधल्या काळात नवे औषध किंवा आजार जडलेला नसेल, तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला फोनवर विचारून एक डोस घेण्यात गैर नाही. कारणच कळत नसेल, तेव्हा दोन्हींतील फरक गौण ठरतो. कापून दिलेल्या पट्टीवर पुष्कळदा मुदतीची तारीखच उरत नाही. अशी पट्टी टाकून द्यावी.

कारण न कळणारी मळमळ पित्तावर ढकलण्याची आपली सवय महागात पडू शकते. विशेषतः स्त्रियांत आणि मधुमेहींत हृदयविकाराचा झटका छातीत फारसे न दुखता मळमळ, घाम आणि धाप या रूपांत येऊ शकतो. मधुमेहात रक्तातील आम्ल वाढणे, अपेंडिक्सची सूज, कावीळ, डोक्याला लागलेला मार, यांतही सुरुवात मळमळीने होऊ शकते. पोट फुगून वायू व शौच बंद झाले असेल, तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते: अशा वेळी डॉमपेरिडोन वर्ज्य आहे आणि ऑन्डान्सेट्रॉन बिघाड झाकून ठेवू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या किंवा लोहाच्या गोळीने मळमळत असेल, तर तिची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणे हाच उपाय आहे. गर्भारपणाची शक्यता असल्यास दोन्हींपैकी काहीही स्वतःहून घेऊ नये.

उलटीत रक्त, तीव्र पोटदुखी, गुंगी, लघवी थांबणे किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. आधी एखादी गोळी घेतली असेल, तर तिचे नाव आणि वेळ तेथे सांगावी, कारण उलट्या थांबलेल्या दिसल्या तरी त्या औषधामुळे थांबल्या की आजार ओसरल्यामुळे, हे तपासणाऱ्याला त्याशिवाय ठरवता येत नाही.