जादू मारणारी तलवार मागवण्याआधी

फँटसी वेबकॉमिकसाठी शस्त्रांची डिझाइन करून घेणाऱ्यांची एक मागणी ठरलेली असते: "अशी तलवार, जिच्यापुढे जादू चालत नाही." काढायला सोपी आहे. पण मारलेली जादू जाते कुठे, हे ठरलेलं नसेल तर चार भागांनंतर वाचकच ते विचारतो. म्हणून मूठ, म्यान, नक्षी नंतर. आधी हे ठरवू.

आमची पहिली शिफारस अर्थिंगची. पातं जादू ओढतं आणि मुठीला जोडलेल्या साखळीवाटे ती जमिनीत उतरते. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात, उन्हाळ्यात वरून पाणी ओततात, कारण कोरड्या मातीत वीज नीट मुरत नाही. तोच नियम इथे लावा. आषाढातल्या चिखलात उभा असलेला साधा शिपाई मांत्रिकाला भारी पडेल, वैशाखात कातळावर त्याची निम्मी ताकद जाईल, आणि होडीच्या फळीवर तर साखळी पाण्यात सोडल्याशिवाय काहीच होणार नाही. साखळी निदान वीतभर जमिनीवर लोळेल इतकी लांब हवी आणि लढाईच्या प्रत्येक पॅनेलमध्ये दिसायला हवी. ती तोडणं हाच शत्रूचा डाव.

उतरताना थोडी जादू पात्यात अडकते, पातं तापतं. इथे लोहाराचं ज्ञान कामी येतं. घासून चकचकीत केलेलं पोलाद सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळं, २८०च्या आसपास जांभळं आणि ३००ला निळं दिसतं. आयता मीटर! त्यापुढे तापलं की पात्याचं पाणी उतरतं, धार मऊ पडते. मग ते पुन्हा लाल तापवून, विझवून पाणी द्यावं लागतं; लढाईच्या मध्यात ते शक्य नाही. लक्षात ठेवा, हे रंग पातं गार झाल्यावरही घासेपर्यंत राहतात. पुढच्या भागात तलवार कोरी पांढरी दिसली तर ती कोणीतरी घासलेली असली पाहिजे.

धातू लोखंडच ठेवा. बाळाच्या उशाखाली चाकू ठेवणाऱ्या घरांतल्या वाचकाला त्याचं कारण समजावावं लागत नाही. उल्केचं लोखंड हवं असेल तर १६२१ साली जालंधरजवळ पडलेली उल्का पाहा. जहांगीरने तिची हत्यारं करवून घेतली, पण नुसतं ते लोखंड घणाखाली टिकेना. तीन भागांना एक भाग साधं लोखंड मिसळावं लागलं. तो चौथा भाग म्हणजे तुमच्या तलवारीतली गळती.

दांडपट्टा मागणाऱ्यांनी एक अडचण ध्यानात घ्यावी. त्याची लोखंडी मूठ हात कोपराच्या दिशेने झाकते, म्हणजे वापरणाऱ्याचीच त्या हाताची जादू मरते. आतून चामडं आणि कापसाचा थर दाखवा, किंवा ती उणीव कथेत वापरा (आम्ही दुसरं सुचवू). मनगट वळत नाही. वार खांद्यातून काढावा लागतो. पात्यांची खरी प्रमाणं बघायला काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक चक्कर मारा.

उलट्या मंत्राचं शस्त्रही करता येतं: लहरीवर उलटी लहर, आवाज मारणाऱ्या हेडफोनसारखी. मात्र जुळणी चुकून दोन्ही लहरी एकाच तालात आल्या तर जादू दुप्पट होते. धातूच्या जाळीचा पिंजरा जसा वीज आत येऊ देत नाही, तसा जादू अडवणारा पिंजरा कोठडीला शोभतो, तलवारीला नाही.

रंगकामात नेहमीची चूक म्हणजे जादूच्या उजेडाच्या लेयरची अपारदर्शकता कमी करणं. त्याने जादू मेलेली नाही, अशक्त दिसते. शस्त्राच्या टप्प्यात तो उजेड मास्क लावून पूर्ण काढा, आणि चेहऱ्यांवर, भिंतींवर पडलेला त्याचा प्रकाशही काढा. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.

काम देताना शस्त्राचा टप्पा हातांत किंवा वितींत लिहा, साखळी कुठे जोडायची ते सांगा आणि तीन पॅनेलांचं वर्णन पाठवा: शस्त्र चालतं तेव्हाचं, अर्धवट चालतं तेव्हाचं आणि फसतं तेव्हाचं. कच्चं रेखाटन आम्ही तिसऱ्यापासून सुरू करतो.