रासायनिक हवामान अंदाज (संशोधन उड्डाणांसाठी)

एखाद्या प्रदेशातून निघालेली दूषित हवा उद्या-परवा समुद्रावर नेमकी कुठे आणि किती उंचीवर असेल, याचा आधी बांधलेला अंदाज. नेहमीच्या हवामान अंदाजातले वारे, ढग आणि पाऊस घ्यायचे, त्यांत कारखाने, वाहने, चुली आणि वणवे यांतून निघणाऱ्या वायूंचा हिशेब मिसळायचा आणि पुढच्या काही दिवसांची स्थिती संगणकावर काढायची, अशी ही रीत. संशोधन विमानात इंधन मोजक्या तासांचे असते आणि मार्गही हवाई नियंत्रणाला आधी कळवावा लागतो. वर गेल्यावर धुराचा लोट शोधत हिंडण्याची चैन परवडत नाही.

मुख्य भिस्त कार्बन मोनॉक्साइडवर. हा वायू एक-दोन महिने टिकतो, म्हणजे महासागर सहज ओलांडतो, पण जगभर सारखा मिसळण्याआधीच संपतो. प्रतिमानात, म्हणजे या संगणकी हिशेबात, प्रत्येक प्रदेशाच्या वायूला वेगळी खूण देतात, त्यामुळे मालदीववरच्या हवेत भारताचा वाटा किती आणि आग्नेय आशियाचा किती, हे नकाशावर वेगवेगळे दिसते. खऱ्या हवेवर अशी खूण अर्थातच नसते.

या पद्धतीचा मोठा वापर १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये, हिंद महासागरावरील ‘इंडोएक्स’ मोहिमेत झाला. मालदीवची राजधानी माले हा विमानांचा तळ होता. जर्मनीतील माइन्झच्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या प्रतिमानाचे अंदाज उड्डाणे आखताना वापरले गेले. हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारे उपखंडाची हवा विषुववृत्ताकडे नेतात, एवढे ठाऊकच होते. अवघड होती ती उंची. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारी तापलेल्या जमिनीवरची धुरकट हवा वर चढते, खालून गार खारे वारे आत शिरतात आणि वरची हवा त्यांच्या डोक्यावरून अरबी समुद्राकडे निघून जाते. त्यामुळे समुद्रावर धुरकट थर वर तरंगतो आणि जहाजावरच्या उपकरणाला त्याचा पुरता पत्ता लागत नाही. जागतिक प्रतिमान हवेचे चौकटींत तुकडे पाडते आणि एकेक चौकट इतकी मोठी असते की तिला खारे वारे दिसतच नाहीत.

ऑगस्ट २००१ मधील ग्रीसच्या क्रीट बेटावरची ‘मिनोस’ मोहीम अधिक नवलाची. पावसाळी ढगांनी उंच उचललेली दक्षिण आशियाची हवा वरच्या थरातल्या, पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांवर स्वार होऊन भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर पोहोचते, असे अंदाज दाखवत होते. जर्मन ‘फाल्कन’ विमानाला ती तिथे सापडली. तिच्यातले मिथाइल क्लोराइड या वायूचे वाढलेले प्रमाण लाकूड-गोवऱ्यांसारख्या जळणाकडे बोट दाखवत होते. ग्रीसवरच्या आकाशात आपल्याकडच्या चुलींचा धूर!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘कॉन्ट्रेस’ मोहिमेने उत्तर अमेरिकेचे लोट युरोपवर गाठले. २००४ च्या उन्हाळ्यात तर अटलांटिकवर हवेचा एकच लोट वाटेत पुन्हा पुन्हा गाठण्याचा बेत होता: आधी अमेरिकी विमानांनी, मग अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून ब्रिटिश आणि फ्रान्सहून जर्मन विमानाने. तीच हवा हाती लागली की शेजारची, हे ठरवायला त्यातल्या हायड्रोकार्बनांची (कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांची) आपापसातली प्रमाणे पडताळून पाहिली गेली.